भिवराचे दोन स्लॉट

चौघांच्या टोळीत बरं करणारं कुणीतरी, बहुधा क्लेरिक म्हणजे पुजारी, लागतं आणि ते काम कुणालाच नको असतं, हे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारं कुणीही सांगेल. मला ते कुणी सांगायच्या आधीच कळलं, कारण चौथी खुर्ची माझ्या वाट्याला आली. भाचा युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटात शिकायला आल्यापासून सेंट पॉलला आमच्याकडेच राहतो. हिवाळा लागला की रविवारी दुपारी त्याची मित्रमंडळी येतात, जेवणाच्या टेबलावर फासे आणि कागद पसरतात आणि रात्रीची पानं मांडायची वेळ झाली तरी हलत नाहीत. त्या वर्षी एकाने तलवारवाला फायटर घेतला होता, दुसऱ्याने कुलपं उघडणारा चोर आणि त्यांच्यातल्या मुलीने विझर्ड. भाचा डीएम. गोष्ट सांगायची, राक्षसांच्या वतीने फासे टाकायचे आणि नियमांचा निवाडा करायचा, अशी तिन्ही कामं त्याची.

"मावशी, तू क्लेरिक हो ना," तो म्हणाला. "तुला वेगळं काही करावंच लागणार नाही. तू तशीही सगळ्यांचं बघतेसच."

त्याने कौतुकानेच म्हटलं, पण मला ते झोंबलं. डब्यांपासून बीपीच्या गोळ्यांपर्यंत घरातलं सगळं बघणाऱ्या बाईने खेळातही तेच बघायचं, हे परस्पर कुणी ठरवलं? म्हटलं, आधी पुस्तक दे, वाचते, मग सांगते. माझा पेशा हिशेबाचा. एका छोट्या कंपनीची बिलं, पगार आणि कर मी सांभाळते. नियमांचं पुस्तक मी तशाच डोळ्यांनी वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं की या कामाचा प्रेमळपणाशी फारसा संबंध नाही. शिल्लक तुटपुंजी, मागणारे तीन, आणि नाही म्हणायची तयारी हवी. तेव्हा कुठे मी हो म्हटलं.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळत होतो. प्रत्येक पात्राला एचपी असतात. पहिल्या लेव्हलला आमच्या फायटरचे १२, चोराचे ९, विझर्डचे ७. मार बसला की ते कमी होतात आणि शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडतं. मग त्याची पाळी आली की दर वेळी वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा त्याहून जास्त पडलं तर एक यश, कमी पडलं तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर जीव तगतो, तीन अपयशं आधी आली तर मेलं. १ पडला तर एकदम दोन अपयशं. २० पडला तर एक एचपी घेऊन गडी उठून बसतो.

आता यातली खरी मेख. १२ एचपीचा फायटर आणि १ एचपी उरलेला फायटर सारख्याच ताकदीने तलवार चालवतात. जखमी माणूस लंगडत नाही, त्याचा नेम चुकत नाही. फरक पडतो तो फक्त शून्यावर. म्हणजे पाचावरच्या माणसाला बारावर नेण्यात जो मंत्र खर्च होतो त्याने त्या क्षणी काहीच बदलत नाही, आणि तोच मंत्र शून्यावरच्या माणसाला दिला तर एक अख्खा लढवय्या परत मिळतो. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे असे मंत्र टाकायला दिवसाला दोन स्लॉट असतात. दोन गेले की रात्रभराची झोप झाल्याशिवाय तिसरा नाही.

हे डोक्यात ठेवून मी पात्र बांधायला घेतलं. क्लेरिकला देवाचं एक डोमेन निवडावं लागतं. मी लाइफ घेतलं, कारण त्यात बरं करणाऱ्या प्रत्येक मंत्राला वर दोन अधिक मंत्राची पातळी एवढी भर मिळते आणि जड चिलखत घालायची मुभाही मिळते. वंश ड्वार्फ, त्यातही डोंगरउतारावरचा हिल ड्वार्फ. भाच्याला वाटलं मला दाढीची हौस आली. कारण वेगळं होतं. साखळ्यांचं चिलखत घालायला ताकद १३ लागते, नाहीतर चाल दहा फुटांनी घटते; ड्वार्फला ही अट लागू नाही. म्हणजे ताकदीवर घालायचा चांगला आकडा वाचला. ठरलेले सहा आकडे असतात, १५, १४, १३, १२, १० आणि ८, ते सहा गुणांवर वाटायचे. शहाणपणावर क्लेरिकचे मंत्र चालतात म्हणून तिथे १५, वंशाचा एक धरून १६. काटकपणावर १४, वंशाचे दोन धरून तेही १६. ताकद १०. बुद्धीवर ८ टाकले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, मग ही हिशेब कसा करणार?"

"ती कशाला करेल? मी आहे ना."

चिलखताचे १६ आणि ढालीचे २ मिळून बचाव १८ झाला, एचपी १२. बरं करणारीने आधी स्वतः उभं राहायला हवं, ही माझी पहिली अट होती आणि ती इथे पुरी झाली. देव म्हणून चॉन्टिया घेतली, शेतीची देवी, खूण धान्याची पेंढी. आम्ही सांगलीकडचे, घरी शेती. फार विचार करावा लागला नाही. नाव ठेवलं भिवरा, कारण आजोळ पंढरपूरचं. टेबलावरच्या पोरांनी थोड्याच दिवसांत तिचं 'बीव्ह' करून टाकलं, त्याला माझा इलाज नव्हता.

मंत्र निवडताना खरी मजा आली. क्युअर वूंड्स डोमेनमधूनच मिळत होता: आठ बाजूंचा फासा अधिक माझे सहा, सरासरी साडेदहा. हीलिंग वर्ड वेगळा घ्यायचा होता: चार बाजूंचा फासा अधिक तेच सहा, सरासरी साडेआठ. कागदावर पहिला मोठा दिसतो. पण त्याला स्पर्श लागतो आणि पाळीतली मुख्य कृती खर्च होते. दुसरा साठ फुटांवरून नुसत्या शब्दाने लागू पडतो आणि बोनस ॲक्शनमध्ये बसतो, त्यामुळे त्याच पाळीत गदा हाणायला हात मोकळा राहतो. भिवराचे पाय आखूड, एका पाळीत पंचवीस फूट. चाळीस फुटांवर पडलेल्यापर्यंत ती पोचेस्तोवर त्याचे दोन फासे टाकून झालेले असतील. दोन एचपी कमी मिळाले तरी हीलिंग वर्डच माझा मुख्य मंत्र झाला आणि शेवटपर्यंत राहिला.

उरलेल्या जागी काय भरायचं? अपेक्षा अशी होती की हीलर म्हटल्यावर मी सगळ्या जागा बरं करण्यानेच भरीन. मी गाइडिंग बोल्ट घेतला. सहा बाजूंचे चार फासे, सरासरी १४, आणि साधा गॉब्लिन असतो ७ एचपीचा. मेलेला गॉब्लिन कुणालाच मारत नाही, म्हणजे तोही औषधोपचारच. ब्लेस डोमेनमध्ये होताच. सँक्चुअरी घेतला, त्याचं पुढे सांगते. स्पेअर द डायिंग नावाचा फुकटचा छोटा मंत्र असतो, मरायला टेकलेल्याला स्थिरावणारा. हीलरने तो घ्यायचाच, असं सगळ्यांचं म्हणणं. मी घेतला नाही. तेच काम करणारी पट्ट्या-मलमांची पिशवी पाच सोन्याच्या नाण्यांना मिळते आणि दहा वेळा पुरते. छोटे मंत्र मोजून तीन मिळतात. त्यातला एक पाच नाण्यांच्या वस्तूवर कोण घालवेल?

विझर्डवाल्या मुलीने एक युक्ती सुचवली. पुढच्या लेव्हलला क्लेरिक वाढवण्याऐवजी ड्रुइडची एक लेव्हल घ्या. ड्रुइडच्या गुडबेरी मंत्राने दहा बोरं होतात, प्रत्येकाने एक एचपी भरतो. पण लाइफ डोमेनची भर प्रत्येक बोराला लागते, म्हणजे एकाचे चार, दहांचे चाळीस, तेही एका स्लॉटमध्ये. नियम लिहिणाऱ्यांनीही हे ग्राह्य धरलं होतं. आकडा इतका चांगला होता की मला संशय आला, आणि मग दोन गोष्टी सापडल्या. ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाहीत, म्हणजे ज्यासाठी ड्वार्फ झाले ते १६ गेले. शिवाय क्लेरिकची पाचवी लेव्हल, जिथे मेलेल्याला परत आणता येतं, ती एकाने लांबणार. बोरं राहू दिली.

गोष्ट होती 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर', २०१४च्या सुरुवातीच्या संचातली. जगभर हजारो टेबलांनी ती खेळली असेल. रस्त्यावर बाण लागून मेलेले दोन घोडे, झुडपांत दबा धरलेले चार गॉब्लिन. पहिल्याच चकमकीत फायटर १२ वरून ५ वर आला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हील मी." मी नाही म्हटलं. टेबल गप्प झालं. इतक्या सरळ नकाराची त्यांना सवय नव्हती, निदान माझ्याकडून तरी. मी म्हटलं, तुझ्याकडे सेकंड विंड आहे, दहा बाजूंचा फासा अधिक एक, स्वतःचा स्वतःला, आणि तासाभराच्या विश्रांतीने तो परत मिळतो. माझा स्लॉट उद्या सकाळशिवाय मिळत नाही. आधी तुझा वापर. त्याने कागद बघितला. सेकंड विंड होता. तो स्वतःच विसरला होता.

भिवराचा स्वभाव इथून घडत गेला. मी तिला आधी काहीच स्वभाव दिला नव्हता. आकड्यांनीच तो दिला: तुटक बोलणारी, कुणी विव्हळलं तर "पडलास का? नाही ना? मग चल" म्हणणारी. पोरांना ती आवडायला लागली हे मला त्यांच्या नकलांवरून समजलं.

गॉब्लिनांच्या गुहेत त्यांचा म्होरक्या क्लार्ग होता, बगबेअर. त्याचा एक घाव सरासरी ११. म्हणजे माझा सगळ्यात मोठा उपचार त्याच्या एका घावाला पुरा पडत नव्हता, आणि त्याला घावांची मोजदाद नव्हती. हे गणित या आवृत्तीत जवळपास सगळीकडे असंच आहे. लढाई चालू असताना मार भरून काढायला गेलं तर क्लेरिक हरतो. वाटेत विझर्डला एकदा उठवलं होतं, एक स्लॉट उरला होता. क्लार्गने चोराला पाडलं. पाळ्यांचा क्रम होता क्लार्ग, मग मी, मग चोर. मी पन्नास फुटांवरून शब्द उच्चारला, चोर आठ एचपी घेऊन उठला, त्याला मरणाचा एकही फासा टाकावा लागला नाही, आणि त्याने उठल्या उठल्या क्लार्गच्या बरगडीत सुरी घातली. क्लार्ग गेला. माझे स्लॉट शून्य. हातात उरलेले दहा-बारा घास कुठल्या पानात किती वाढायचे, एवढंच खरं तर मी ठरवत होते.

भाचा हुशार. हे पडणं-उठणं त्याला खुपलं. खेळणारे याला यो-यो म्हणतात, आणि डीएम लोकांना ते मुळीच आवडत नाही. फँडालिन गावात आम्ही पोचलो तिथे लाल झगे घालून फिरणारी गुंडांची टोळी होती. त्यातल्या प्रत्येकाला एका पाळीत दोन वार. पडलेल्या माणसावर पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला तर तो आपोआप क्रिटिकल धरतात आणि तो दोन अपयशं देतो. दोन वार म्हणजे चार, आणि मरायला तीन पुरतात. "गुंड आहेत गं मावशी, पडलेल्याला सोडतील कशाला?" तो निरागस चेहऱ्याने म्हणाला. त्या दिवसापासून मला वेगळं बघावं लागलं. कोणाचे एचपी किती उरलेत याआधी कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, शेजारच्याला किती वार आहेत आणि माझी पाळी त्याच्या आधी येते की नंतर. बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत फोन चाळायचे. मला दुसऱ्यांच्या पाळीतच जास्त काम असायचं.

एक गोष्ट मात्र मी ठरवून केली नव्हती. मी नाही म्हणते हे पक्कं झाल्यावर पोरं जपून खेळायला लागली. फायटर विझर्डच्या पुढे उभा राहू लागला. चोराने लुटीतून पन्नास नाण्यांचं औषधी पेय स्वतः विकत घेतलं. पूर्वी म्हणे त्यांच्याकडे एक उदार हीलर होता आणि दर लढाईत दोघं तरी झोपायचे.

इथे थोडं माझ्या गावाबद्दल, कारण मी राहते त्याच शहरात या क्लेरिकचा जन्म झाला हे मला बरंच नंतर कळलं. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि तो १९७४ मध्ये बाजारात आला, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा इथून, पहिल्या खेपेला एक हजार प्रती. गायगॅक्सचं नाव सगळ्यांना माहीत. आर्नेसन सेंट पॉलचा, माझ्या भाच्याच्याच विद्यापीठात इतिहास शिकलेला. त्याच्या तळघरात आधीपासून ब्लॅकमूर नावाची मोहीम चालायची. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं, सर फँग, आणि ते कुणाला आवरेना. त्याला तोड म्हणून सिनेमातल्या व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर पुजारी आणला, तो पहिला क्लेरिक. म्हणजे मुळात हा माणूस शुश्रूषेला आलेलाच नाही, तो आला भुतं हाकलायला. १९७४च्या नियमांत तर पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र नव्हता, आणि दुसऱ्या लेव्हलला मिळणारा बरं करण्याचा मंत्र २ ते ७ एचपी भरायचा. हे मी भाच्याला ऐकवलं. सगळ्यांचं बघणारी म्हणून मला या खुर्चीत बसवणाऱ्याला ते ऐकवताना बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या लेव्हलला प्रिझर्व्ह लाइफ मिळालं. हा मंत्र नाही, देवाची थेट शक्ती; तासाभराच्या विश्रांतीनंतर परत मिळते. लेव्हलच्या पाचपट एचपी तीस फुटांतल्या हव्या त्या लोकांत वाटायचे, पण कुणालाही त्याच्या निम्म्यापलीकडे न्यायचं नाही. निम्म्यावरच्या माणसाला काहीच मिळत नाही, हा नियम मला फार पटला. तिसऱ्या लेव्हलला प्रेयर ऑफ हीलिंग. त्याच स्लॉटमध्ये क्युअर वूंड्स टाकला तर एकाला सरासरी १६ मिळतात. प्रेयरमध्ये सहा जणांपर्यंत प्रत्येकाला सरासरी १६. किंमत एवढीच की मंत्राला दहा मिनिटं लागतात, लढाईत उपयोग शून्य. तेव्हापासून आमच्यात नियम झाला की लढाई संपली की दार लावायचं, दहा मिनिटं बसायचं. फायटरवाला पोरगा त्या वेळेत खरोखरच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. वेलची किती घालायची ते त्याला अजून जमत नाही.

थंडरट्री हे ओसाड गाव. तिथल्या बुरुजात हिरवा ड्रॅगन राहतो, व्हेनमफँग. आम्ही चौथ्या लेव्हलला होतो. जाऊ नये असं माझं मत होतं आणि ते मी स्पष्ट सांगितलं. मतदान झालं, तीन विरुद्ध एक. गेलो. आत जाण्याआधी प्रेयर ऑफ हीलिंग झालेला, सगळे पूर्ण एचपीवर.

ड्रॅगनचा विषारी फूत्कार म्हणजे सहा बाजूंचे बारा फासे. भाच्याकडे तेवढे नव्हते. त्याने आमचेही मागून घेतले. बेरीज ४५. तिघांचेही बचावाचे फासे फसले. फायटरचे ३६ गेले, पडला. चोराचे २७ गेले, पडला. विझर्डचे २२. शून्याच्या खाली उरलेला मार जर पूर्ण एचपीइतका किंवा त्याहून जास्त असेल तर मरणाचे फासे टाकायचेच नसतात. पंचेचाळीसातून बावीस गेले, उरले तेवीस. मुलीने बेरीज दोनदा केली. मग कागद उलटा ठेवला.

भिवरा उभी होती. विषाविरुद्ध ड्वार्फला बचावाचे दोन फासे मिळतात, त्यातला चांगला धरायचा. माझा लागला, मार निम्मा झाला. वर विष ड्वार्फला निम्मंच लागतं, म्हणजे त्याचाही निम्मा. ४५ मधले ११ मला लागले. वंश निवडताना माझं लक्ष चिलखतावर होतं. विषाची ओळ मी वाचली होती, पण तिच्यावर काही बेतलं नव्हतं.

आता पाळी माझी. पोरं मला सुचवत होती, भाच्याने त्यांना गप्प केलं, बेशुद्ध माणसं बोलत नाहीत म्हणून. माझ्यासमोर कागद होता आणि त्यावर चौथ्या लेव्हलचे प्रिझर्व्ह लाइफचे २० एचपी. विझर्डला देऊन उपयोग नव्हता, ती शक्ती मेलेल्याला लागू पडत नाही. परत आणणारा रिव्हिव्हिफाय पुढच्या लेव्हलला मिळणार होता, आणि तोही मेल्यापासून एका मिनिटाच्या आतच चालतो. मी विझर्डच्या नावावर रेघ मारली आणि पुढे गेले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी चोराचे एचपी नीट मोजले नसते. फायटरला १०, चोराला १०. ती मुख्य कृती झाली. बोनस ॲक्शन शिल्लक होती: हीलिंग वर्ड चोराला, कारण तो दारापासून लांब होता. उठायला अर्धी चाल जाते. दोघांना एवढंच सांगितलं, लढू नका, बाहेर.

ड्रॅगनचा फूत्कार पुन्हा भरतो की नाही याचा फासा भाचा टाकतो. ५ किंवा ६ पडायला हवा. ३ पडला. मग तो चावायला आणि ओरबाडायला आला तो भिवरावर, कारण दारात तीच होती. एक पंजा लागला. फायटर आणि चोर पळाले. पुढच्या पाळीला मी सँक्चुअरी स्वतःवर टाकला. भाच्याने लगेच पुस्तक उघडलं. हा मंत्र असलेल्यावर हल्ला करायचा तर हल्लेखोराला आधी शहाणपणाचा फासा टाकावा लागतो. फसला तर दुसरं कुणीतरी बघ, नाहीतर हल्ला वाया. बुरुजात दुसरं कुणी जिवंत नव्हतं. त्याने १४ किंवा वर हवे असताना ९ काढले. मुख्य कृती मी बचावात घातली आणि पंचवीस फूट चालत बाहेर आले. चालत, कारण पळायचं तर बचाव सोडावा लागला असता. ड्रॅगन बुरुजातून बाहेर आला नाही; भाचा म्हणतो तो आळशी होता, मला वाटतं भाचा दमला होता.

मुलगी पुढच्या रविवारी पॅलाडिन घेऊन आली. पॅलाडिनकडे ले ऑन हँड्स असतो, लेव्हलच्या पाचपट एचपीची एक थैली, हवे तेवढे काढून द्यायचे. तिने पहिल्याच लढाईत पडलेल्या चोराला त्यातला एकच एचपी दिला. एकच. "बीव्हने शिकवलं," म्हणाली. मी मान डोलावली. पाचव्या लेव्हलला रिव्हिव्हिफाय मिळाला. त्याला दर वेळी तीनशे नाण्यांचे हिरे जळतात, म्हणून लुटीची पहिली तीनशे नाणी हिऱ्याला, हा ठराव मी मांडला. फायटरला दीड हजारांचं पत्र्याचं चिलखत हवं होतं आणि त्याला वाटत होतं हिरा म्हणजे वापरात न येणारा पैसा. बराच वेळ वाद झाला. या वेळी मत तीन विरुद्ध एक माझ्या बाजूने पडलं. हिरा शेवटपर्यंत वापरावा लागला नाही आणि फायटर ते मला अजून ऐकवतो. मी त्याला म्हणते, विम्याचे पैसे परत मागायचे असतील तर आधी मरून दाखव.

मग २०२४ मध्ये नवं पुस्तक आलं. क्युअर वूंड्सचे फासे एकाचे दोन केले, हीलिंग वर्डचेही दोन. पोरं खूश. लाइफ डोमेनची भरही आता फक्त मंत्र टाकलेल्या पाळीतच मिळते, त्यामुळे ती चाळीस एचपीची बोरंही गेली. मी भिवरा नव्याने लिहून पाहिली. पार्श्वभूमी हर्मिट घेतली, कारण तिच्यासोबत हीलर नावाचं कौशल्य येतं: उपचाराच्या फाशावर १ पडला तर तो पुन्हा टाकायचा. जड चिलखतासाठी प्रोटेक्टरचा मार्ग. ड्वार्फची चालही आता तीस फूट. पुन्हा टाकायचा तो फासा न धरताही पहिल्या लेव्हललाच क्युअर वूंड्स सरासरी १२, लाइफ डोमेन मिळाल्यावर १५. लढाई चालू असताना मार भरून काढणं आता परवडतं. नियम म्हणून हे सुधारलेलंच आहे, हीलर खेळणाऱ्यांची जुनी तक्रार त्यांनी ऐकली. पण त्या रस्त्यावर माझ्याकडे हे आकडे असते तर मी फायटरला पहिल्याच चकमकीत हो म्हटलं असतं आणि भिवरा कोण आहे हे मला कळलंच नसतं. जुनी भिवरा जुन्या नियमांतच राहू दे, असं मी भाच्याला सांगितलं. नव्या पानावर नाव दुसरं टाकलं आहे.

या हिवाळ्यात तो नवी मोहीम चालू करतोय. "हीलर तूच ना मावशी?" असं त्याने विचारलं. या वेळी वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, एवढी प्रगती. मी हो म्हटलं आहे, अटीवर. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या सामानात पाच नाण्यांची पट्ट्या-मलमांची पिशवी लिहायची आणि कोणत्या कृतीने ती वापरतात ते मला तोंडी सांगायचं. चोराने लिहिली. पॅलाडिनवालीने दोन लिहिल्या. फायटर म्हणतोय की त्याच्याकडे आता चारच नाणी उरलीत आणि मी एक उसनं द्यावं.